घरचा आठवडा

पुणें शहरांत आठवड्याचे सातही वार जमिनीवर मांडलेले आढळतात. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार आणि रविवार अशा सात पेठा तेथें आहेत, व परगांवच्या मनुष्यानें पत्ता विचारला म्हणजे सांगणाऱ्यानें वार सांगितला कीं पेठ, असा त्याला क्षणभर घोंटाळा पडतो. ह्यांपैकीं कित्येक पेठांना पूर्वीं निराळीं नांवें होतीं. आज जिला बुधवार पेठ म्हणतात ती औरंगजेबाच्या काळीं मुहियाबाद होती. गुरुवार पेठेला वेताळ पेठ म्हणत. पेशवाईंत शहर वाढत गेलें, तसतशीं पेठांना वारांचीं नांवें मिळत गेलीं. पेशवाई गेली, वाडे पडले, वार मात्र राहिले.

परंतु ह्या पेठांतल्या घरांच्या आंत आठवडा कसा जात असे? चुलीपाशीं, जात्यापाशीं आणि विहिरीच्या काठीं सोमवार कोणता व शनिवार कोणता हें कशावरून ओळखीत? लढायांच्या तारखा बखरींतून सांपडतात; दळणाची तारीख कोणी लिहून ठेविली नाहीं. तरी घरच्या आठवड्यालाही इतिहास आहे. तो व्रतांच्या कहाण्यांत, जात्यावरच्या ओव्यांत, पाककृतींच्या पुस्तकांत आणि गिरणीकामगारांच्या अर्जांत विखुरलेला आहे. आणि तो एकत्र मांडूं लागलें म्हणजे एक साधा प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो: ह्या आठवड्यांत सुटीचा वार कोणता?

मुळांत वार ही कल्पनाच आपल्याकडे उशिरां आली. येथील कालगणनेचीं जुनीं मापें म्हणजे तिथि, पक्ष, मास आणि ऋतु. सात ग्रहांवरून सात वार मोजण्याची रीत ग्रीक ज्योतिषाबरोबर पश्चिमेकडून आली असें विद्वान् मानतात. ‘होरा’ हा शब्दच मुळीं ग्रीक आहे. वारांचा क्रम असाच कां, ह्याचें उत्तर ह्या होरेंत आहे. सर्वांत मंद शनि, त्यानंतर गुरु, मंगळ, रवि, शुक्र, बुध आणि सर्वांत शीघ्र चंद्र असा ग्रहांचा क्रम धरून एकेका होरेला एकेक ग्रह स्वामी नेमला, म्हणजे दिवसाच्या चोवीस होरांत सातांचे तीन फेरे पुरे होऊन तीन होरा उरतात, आणि दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चौथ्या ग्रहाकडे जाते. म्हणून शनीमागून रवि, रवीमागून सोम आणि सोमामागून मंगळ. मध्य प्रदेशांत सागर जिल्ह्यांतील एरण येथें बुधगुप्त राजाच्या काळचा एक स्तंभलेख आहे. गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, अशी त्यावर मिति आहे, म्हणजे इ. स. ४८४. वाराचा निश्चित उल्लेख असलेला हा भारतांतील सर्वांत जुना लेख समजला जातो.

हा परका आठवडा घरानें स्वीकारला तो आपल्या पद्धतीनें. एकादशी, चतुर्थी, अमावास्या ह्या तिथि आपल्या जागीं राहिल्या, आणि त्यांच्यावर वारांचा दुसरा पदर चढला. श्रावण महिन्यांत हें फार स्पष्ट दिसतें. त्या महिन्यांतल्या प्रत्येक वाराला एक पूजा व एक कहाणी लावून दिलेली आहे. रविवार आदित्यराणूबाईचा. सोमवार शिवाचा, त्या दिवशीं नव्या लग्नाच्या मुली शिवामूठ वाहतात, पहिल्या सोमवारीं तांदुळांची, दुसऱ्या सोमवारीं तिळांची, मग मुगांची, मग जवांची आणि पांचवा सोमवार आलाच तर सातूची. मंगळवारीं मंगळागौर, बुधवारीं व गुरुवारीं बुध-बृहस्पति, शुक्रवारीं जिवती आणि शनिवारीं मारुति व नृसिंह. सातां वारांपैकीं एकही वार मोकळा सोडलेला नाहीं.

धर्माच्या दृष्टीनें ह्या आठवड्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. स्वयंपाकघराच्या दृष्टीनें तोच आठवडा पाहिला तर निराळें चित्र दिसतें. सोमवारचा उपवास संध्याकाळीं सुटतो, म्हणून दिवसभर उपाशी राहिलेली बाई दिवस मावळण्यापूर्वीं सगळा स्वयंपाक रांधून ठेवी. मंगळागौरीला दिवसा पूजा व सुवासिनींचें जेवण आणि रात्रीं जागरण. शुक्रवारीं पुरण, म्हणजे हरभऱ्याची डाळ शिजवावयाची, तींत गूळ घालून तिला चटका द्यावयाचा, आणि नंतर ती पाट्यावर वरवंट्यानें गंधासारखी वाटावयाची. देवाचा वार म्हणजे पुरुषांना गोडाचा वार आणि बायकांना कामाचा वार होता. व्रतानें बाईला मैत्रिणी, गाणीं आणि माहेरचें बोलावणें दिलें, हें खरें आहे, आणि तो आनंदही खोटा नव्हता. विसांवा मात्र दिला नाहीं.

आठवडा घरांत शिरण्याचें दुसरें दार म्हणजे बाजार. खेड्यापाड्यांतून आजही आठवड्याचा बाजार भरतो, आणि ज्या वारीं तो भरतो त्यावरून घरचे बाकीचे वार मोजले जातात. बाजाराच्या दिवशीं मीठ, मिरची, तेल आणि गूळ येणार. आदल्या दिवशीं डबे पालथे होणार. कोणती जिन्नस आठवडाभर टिकेल आणि कोणती टिकणार नाहीं ह्याचें ज्ञान हेंच गृहिणीचें खरें पंचांग होतें.

हें ज्ञान किती बारीक होतें हें पिठावरून कळतें. धान्य वर्षभर टिकतें, पीठ टिकत नाहीं. बाजरीचें पीठ थोड्याच दिवसांत कडू होतें. ज्वारीच्या शिळ्या पिठाची विरी जाते. मग भाकरी थापतांना कडा फाटतात आणि ती तव्यावर टाकण्यापूर्वींच मोडते. ह्या एका कारणामुळें आठवड्याचें दळण एका दिवशीं उरकून बाकीचे दिवस मोकळे ठेवावे, अशी सोय भाकरी खाणाऱ्या घराला कधींच नव्हती. जातें दिवसाआड, पुष्कळ घरांत रोजच, पहांटे फिरे. खालची तळी स्थिर, वरची तळी खुंट्याला धरून फिरवावयाची, दुसऱ्या हातानें तोंडांत मूठमूठ वैरण घालावयाची. आणि दगड झिजून गुळगुळीत झाले म्हणजे टाकीनें ते पुन्हां खरबरीत करून घ्यावयाचे. मोठ्या घरांत दोघीजणी समोरासमोर बसत. एकीला दोघींचा जोर मिळे, आणि एकीच्या ओवीला दुसरीची साथ मिळे.

ह्या ओवीचें वय मोठें आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यांतील राजा तिसरा सोमेश्वर ह्यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचिला. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करतांना ओवी गातात असा त्यांत उल्लेख आहे. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली इ. स. १२९० मध्यें, म्हणजे मराठींतला सर्वांत थोर ग्रंथ ज्या छंदांत अवतरला, तो छंद त्याच्या दीडशें वर्षें आधींच उखळापाशीं घोळत होता. काव्याला घराण्याची परंपरा सांगावयाची झाली तर मराठी काव्याला ती मुसळाच्या घावांपासून सांगावी लागेल.

सोमेश्वराच्याच ग्रंथांत अन्नभोग म्हणून एक प्रकरण आहे. मांडे, पुऱ्या, वडे, इडलीच्या जातीचे पदार्थ, निरनिराळीं मांसें व पेयें ह्यांचें त्यांत वर्णन येतें. पुढें सतराव्या शतकांत रघुनाथ गणेश नवहस्त ह्या पंडितानें ‘भोजनकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. त्यांत पदार्थ कसा करावा हें सांगून त्याचे गुणदोष वैद्यकाप्रमाणें दिले आहेत. एक राजा, दुसरा पंडित. दोघांनीं ताटाकडून चुलीकडे पाहिलें. चुलीकडून ताटाकडे पाहणाऱ्या बाईचें पुस्तक यावयाला छापखाना यावा लागला, आणि त्याहीपेक्षां मुलींची शाळा यावी लागली. १८७५ सालीं रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचें ‘सूपशास्त्र’ निघालें, तें पुरुषाचेंच. १९१० सालीं लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचें ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ आलें, १९४३ सालीं सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ आली आणि १९७० सालीं कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ आली. ‘रुचिरे’नें एक मोठी गोष्ट केली: तिनें सगळें माप वाटी आणि चमचा ह्यांवर आणलें.

ह्या गोष्टीचें महत्त्व आज सहज ध्यानांत येत नाहीं. जुन्या घरांत धान्याला माप होतें. दोन नेळवीं म्हणजे एक कोळवें, दोन कोळवीं म्हणजे एक चिपटें, दोन चिपटीं म्हणजे एक मापटें, दोन मापटीं म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली, हें कोष्टक मुलगे शाळेंत घोकीत व मुली कोठीच्या खोलींत पाहून शिकत. परंतु तें माप कोठीच्या उंबरठ्याशीं संपे. चुलीपाशीं चालत असे तो अंदाज. मीठ किती? अंदाजानें. पाणी किती? बोटाचें पेर बुडेल इतकें. सासूच्या हातून सुनेच्या हातांत जें ज्ञान जाई तें बोलून सांगतां येण्यासारखें नसे; वर्षानुवर्षें शेजारीं उभें राहूनच तें घ्यावें लागे. ज्या मुलीची सासू अबोल किंवा कठोर असे तिच्या वाट्याला शिकण्याआधीं चुका व बोलणीं येत. १९५८ पासून देशांत मेट्रिक वजनें सुरू झालीं, आणि शहरांत बिऱ्हाडें लहान झालीं. अशा वेळीं सासू जवळ नसलेल्या सुनेला वाटी-चमच्याच्या मापानें परकें शहर थोडें सुसह्य झालें असेल, तर त्या पुस्तकाचें तें श्रेय आहे.

आठवडा म्हणजे घरांत प्रत्यक्ष किती काम, हें पाहावयाचें असल्यास चैत्र-वैशाखांतली एकच जिन्नस घ्यावी: कुरडई. सोमवारीं गहूं निवडून भिजत घालतात. मंगळवारीं पाणी बदलतात, बुधवारीं पुन्हां बदलतात. न बदललें तर गहूं नासतो आणि वास घरभर होतो. गुरुवारीं फुगलेला गहूं पाट्यावर वाटून, पाण्यांत कालवून, फडक्यांतून पिळून त्याचा पांढरा चीक काढतात व रात्रभर निवळत ठेवतात. शुक्रवारीं उजाडण्यापूर्वीं वरची निवळ ओतून देतात, मोठ्या पातेल्यांत मीठ-हिंगाच्या पाण्याला आधण आणतात आणि चीक त्यांत ओतून घाटतात. येथें दोन हातांचें काम नसतें. एकीनें ओतावें आणि दुसरीनें घाटावें, नाहीं तर गुठळ्या होतात. चीक शिजून कांचेसारखा दिसूं लागला म्हणजे गरम असतांनाच सोऱ्यांत भरून कापडावर कुरडया घालावयाच्या, आणि ऊन चढण्याच्या आंत गच्ची भरून काढावयाची. शनिवारीं त्या उलटावयाच्या. रविवारीं खडखडीत वाळल्या कीं डब्यांत भरावयाच्या. उरलेला चोथाही टाकावयाचा नसतो. त्याच्या भुसवड्या होतात. आणि ह्या सातही दिवसांत घरचा दोन्ही वेळचा स्वयंपाक, पाणी भरणें, धुणें आणि मुलें हीं चुकलेलीं नसतात.

पापड, सांडगे, शेवया ह्यांचीही हीच गत. उडदाचें पीठ पापडखार घालून भिजवावें, तेलाच्या हातानें कुटून मऊ करावें आणि लाट्या पाडाव्या. मग शेजारणी आपापलें पोळपाट-लाटणें घेऊन दुपारीं येत. आज एकीच्या घरीं, उद्यां दुसरीच्या. पैसा द्यावयाचा नाहीं व घ्यावयाचा नाहीं. आलेल्या हातांची परतफेड हातांनींच करावयाची. दुपार मोकळी सांपडलीच तर जुनीं लुगडीं एकावर एक अंथरून गोधडीला टांके पडत. जुन्या घरांत मोकळा वेळ म्हणून जो होता, तो बसून करावयाच्या कामाचा वेळ होता.

घराबाहेर मात्र ह्याच काळांत सुटीसाठीं झगडा चालला होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगारांना आठवड्याची नेमकी सुटी नव्हती. महात्मा फुले ह्यांचे सहकारी व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालीं गिरणीकामगारांची संघटना उभारिली. साप्ताहिक सुटीची मागणी तेव्हांपासून अर्जांतून व सभांतून होत राहिली. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेंत दोन कामकरी स्त्रियांनींही भाषणें केलीं. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली, आणि पुढील वर्षींच्या कारखान्यांच्या कायद्यानें साप्ताहिक सुटीला आधार मिळाला. रविवार हा खंडोबाचा वार; महाराष्ट्राला तो असाही परका नव्हता. कचेऱ्या आणि शाळा यांचा रविवार सरकारच्या सोयीनें आला होता. कष्टकऱ्यांचा रविवार मागून, भांडून आला.

त्या दोन स्त्रियांनी सभेंत ज्या रविवारासाठीं तोंड उघडलें, तो रविवार त्यांच्या पदरीं कसा पडला असेल? गिरणीचा भोंगा त्या दिवशीं वाजला नाहीं, हें खरें. परंतु सहा दिवस तुंबलेलें धुणें, निवडण्या-टिपण्याचें धान्य, मुलांचें न्हाणें आणि घरीं असलेल्या माणसांचें दोन्ही वेळचें सावकाश जेवण हें सर्व त्याच दिवसाची वाट पाहात होतें. नोकरदार मध्यमवर्गांतही तेंच झालें. पुरुषाचा सुटीचा वार ठरला, आणि त्याच वारीं पाहुण्यांचें येणें व गोडाधोडाचें करणें येऊन पडलें. गिरणींत दिलेल्या तासांचा हिशेब लिहिला जात असे, म्हणून त्यांतून सुटी मागतां आली. घरांत दिलेल्या तासांचा हिशेब कोठेंच नव्हता. मग सुटी कोणाकडे मागावी आणि कशांतून मागावी?

घरकामाला हिशेब लागला तो तें काम घराबाहेर पडल्यावर, ही ह्या इतिहासांतली चमत्कारिक गोष्ट आहे. प्रथम जातें उठलें. पिठाची गिरणी आली आणि दळणाला पायलीमागें दर लागला. जें पहांटेचें काम आजवर कोणी मोजलें नव्हतें, त्याची किंमत एकाएकीं पैशांत कळली. पहांटेची झोंप मिळाली आणि ओवी थांबली. साने गुरुजींनीं १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ ह्या नांवानें ओव्यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. १९८० नंतरच्या काळांत पुण्याचे हेमा राईरकर व गी प्वातवाँ ह्यांनीं गांवोगांवच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. त्या ओव्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरपूर आहे. पण दमलेले हातही आहेत. जात्याची आठवण काढून हळहळणाऱ्यांनीं ह्या ओव्या अवश्य ऐकाव्या. जातें ओढणाऱ्या बाईनें त्याला नेहमींच सुख म्हटलेलें नाहीं.

मग शिवण गेलें, पण तें निराळ्या वाटेनें. अमेरिकेंत १८५१ सालीं सिंगरनें आपल्या शिवणयंत्राचें पेटंट घेतलें, आणि कांहीं दशकांत तें यंत्र हिंदुस्थानांत आलें. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं पुण्यांत सेवासदन काढलें. तेथें शिवणकाम शिकविलें जाई. घरांत फाटकें सांधणारी सुई विधवेच्या व परित्यक्तेच्या हातीं उपजीविकेचें साधन झाली. रमाबाईंनीं हें ओळखलें होतें, कारण घरच्या वडील बायकांचीं बोलणीं सोसून त्या स्वतः शिकल्या होत्या. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आठवणींत तो काळ वाचावयास मिळतो.

चूलही बदलली. १८९२ सालीं स्वीडनमध्यें फ्रान्स लिंडक्विस्टनें बिनकाजळीचा स्टोव्ह तयार केला, आणि तो पंप व पिन ह्यांसह आपल्या चाळींत येऊन भरभरूं लागला. रॉकेलचा रिकामा डबा तर घरचें भांडेंच झाला. धान्याला तोच, पाण्याला तोच. १९१० सालीं कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक ह्यांनीं एकावर एक डबे रचून वाफेवर अन्न शिजविणारा ‘इकमिक कुकर’ काढिला. १९५५ सालीं मुंबईंत स्वयंपाकाच्या गॅसचीं नळकांडीं विकण्यास आरंभ झाला आणि १९५९ च्या सुमारास देशांतच प्रेशर कुकर तयार होऊं लागले. धूर गेला, डोळे वांचले, गोवऱ्या थापणें सुटलें. खेड्यांतल्या गरीब घरांना मात्र त्याच गॅससाठीं फार थांबावें लागलें. त्यांच्यासाठीं उज्ज्वला योजना निघाली ती २०१६ सालीं.

आणि पापड? १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायकांनीं ऐंशीं रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. त्यांतून ‘लिज्जत’ उभें राहिलें, आणि पुढें हजारों बायका त्यांत आल्या. गच्ची तीच, लाटणें तेंच, दुपार तीच. फरक एवढाच कीं लाटलेल्या पापडांचें वजन होऊन त्याची मजुरी हातांत पडूं लागली.

खानावळीची गोष्ट ह्याहून बोलकी आहे. मुंबईंत कोंकणांतून व देशावरून एकटे आलेले गिरणीकामगार ज्या बायकांच्या घरीं महिन्याच्या बोलीनें जेवत, त्यांच्यासाठीं १९७५ सालीं प्रेमा पुरव ह्यांनीं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापन केलें, आणि सावकाराऐवजीं बँकेचें कर्ज मिळण्याची वाट करून दिली. ह्या बायका जें रांधीत तें घरच्यासारखेंच रांधीत. भात, आमटी, भाजी, मासळी. परंतु पुष्कळ खानावळींचा एक रिवाज आहे: रविवारीं सकाळीं गोडाचें जेवण आणि संध्याकाळीं खानावळ बंद. परक्याला पैसे घेऊन जेवूं घालणाऱ्या चुलीला आठवड्यांतून एक संध्याकाळ विसांवा मिळाला. घरच्या चुलीला तेवढाही मिळाला नाहीं.

आतां ह्या कामाचें माप निघालें आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानें २०१९ सालीं देशभर पाहणी करून लोक दिवसाचा वेळ कसा घालवितात हें नोंदविलें. त्यांत शेंकडा ८१ स्त्रिया रोज घरकाम करतांना आढळल्या, आणि पुरुष शेंकडा २६. जे करीत होते त्यांचीही तुलना झाली: स्त्रियांचा वेळ रोजचा २९९ मिनिटें, पुरुषांचा ९७. आठवड्याचे सातही दिवस धरले तर बाईच्या वाट्याला जवळजवळ ३५ तास येतात, म्हणजे कचेरीच्या आठवड्याला थोडेंच कमी. २०२४ च्या पाहणींत ही संख्या २८९ मिनिटांवर आली. गिरणी, गॅस, कुकर, मिक्सर, धुण्याचें यंत्र हीं सर्व येऊन गेल्यावरची ही संख्या आहे. यंत्रांनीं कष्ट हलके केले, ह्यांत शंका नाहीं. कोणी करावयाचें, हा प्रश्न मात्र यंत्र सोडवूं शकत नाहीं. तो घरच्या माणसांनींच सोडवावयाचा असतो, आणि त्याला पहिली गोष्ट लागते ती काम दिसण्याची.

रविवारीं दुपारीं पानांत तळलेली कुरडई येते. पांढरीशुभ्र, हलकी, दांताखालीं एका क्षणांत विरघळणारी. ती बाजारची असो वा घरची, कोणीतरी सोमवारीं गहूं भिजत घातलेला असतो, मंगळवारीं आणि बुधवारीं पाणी बदललेलें असतें, आणि शुक्रवारीं कोणीतरी उजाडण्यापूर्वीं उठलेलें असतें. एवढें जेवणारानें मनांत मोजलें, आणि जेवण झाल्यावर स्वतःचें पान स्वतः उचललें, तर घरच्या आठवड्यालाही एक दिवस रविवार येईल.